डंकावरची हौसाक्का

आमच्या गल्लीत नवीन माणूस आला की आधी शिंकायचा आणि मग पत्ता विचारायचा. पोस्टमन, गॅसवाला, मुलगी बघायला आलेली मंडळी, कुणाचीच सुटका नव्हती. गल्लीच्या तोंडालाच हौसाक्काचा मिरची कांडायचा डंक. लोखंडी मुसळं धाडधाड खाली-वर होत असायची, तांबडी धूळ उंबरा ओलांडून रस्त्यावर यायची आणि त्या धुळीच्या मागून आवाज यायचा, "नाक हाय का नळ? पुसा आनी मग बोला. कुणाकडं जायचंय, पावणं?"

बुटकी, अंगानं आडवी, साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. नवरा जाऊन कैक वर्षं झाली होती, पण त्याचे शर्ट तिनं एकेक करून झिजवले. भुवया आणि पापण्या मिरचीच्या पुडीनं कायम तांबूस. एवढ्या धुरळ्यात बसून ही बाई शिंकलेली मात्र मी कधी पाहिली नाही. त्याचा तिला भारी तोरा होता. "मला मिरची वळखती," म्हणायची, "घरच्या कुत्र्यागत. चावत न्हाय."

मी मूळची रत्नागिरीकडची. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा दोन गोष्टींनी मला हैराण केलं. एक म्हणजे इथल्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो', 'मी करतो' असं पुरुषासारखं बोलतात ते, आणि दुसरी चटणी. कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटातली डावी बाजू नव्हे. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे असं सगळं तळून-भाजून मिरचीबरोबर कांडलेलं वर्षाचं तिखट म्हणजे चटणी. उन्हाळ्यात प्रत्येक घर आपली मिरची डंकावर नेतं आणि घरातली बाई आपली चटणी कांडून होईपर्यंत तिथंच ठाण मांडून बसते. दुसऱ्याच्या चटणीत आपली मिसळली तर ते पाप मुलाबाळांना भोवतं अशा थाटात.

पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला डंकावर धाडलं. हौसाक्कानं माझ्या डब्याचं झाकण उघडलं, चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला आणि रस्त्यात थुंकली. रांगेत बसलेल्या सगळ्या बायकांसमोर.

"कुनी भाजलंय हे?"

"मी."

"रागात भाजलंस व्हय? कुनावर राग हाय, सासूवर का नवऱ्यावर?" बायका फिदीफिदी हसायला लागल्या. "नवरा काय करतोय?"

"बँकेत आहेत."

"मग सांजचं घरला येतोय की. त्याला बसीव तव्याम्होरं. जा. मी डंक बंद करत न्हाय तवर."

आणि काय सांगू, आमच्या ह्यांना खरोखर बसवलं मी तव्यासमोर. मला काही ती बाई सोडणार नव्हती. हौसाक्कानं पुन्हा चाखलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "तुज्यापरास बरं भाजलंय त्यानं." त्या दिवसापासून मी तिची 'कोकणी' झाले. माझं खरं नाव तिला माहीत होतं की नाही, देव जाणे.

डंकावर चाळणीला मुमताज बसायची. हौसाक्काच्याच वयाची, हाडकुळी, ओढणीनं नाक-तोंड घट्ट बांधलेली. माणूस कमी आणि दोन डोळेच जास्त दिसायचे. दोघींनी कैक उन्हाळे एकत्र काढले होते आणि त्यातले निम्मे अबोल्यात. अबोला धरला तरी काम थांबत नसे, कारण निरोप पोचवायला गिऱ्हाइकं होतीच. हौसाक्का माझ्याकडे बघून म्हणायची, "ए कोकणी, तिला म्हणावं चाळण हालवायची असती. पाळणा न्हवं त्यो." मुमताज लगेच, "तिला म्हणावं मला कान हायती." मी मध्ये बसून नुसती मान हलवायची.

रोज्यांच्या महिन्यात मात्र हौसाक्का डंकावर चहा घेत नसे. मागच्या न्हाणीत जाऊन उभ्याउभ्या ढोसायची, पदरानं तोंड पुसत परत यायची आणि कुणी न विचारता सांगायची, "मला बी आज चहाचं ध्यान न्हाय." मुमताज खाली मान घालून हसायची. आल्याचा वास काय लपतो होय! ईदला मुमताजकडून शिरखुर्मा आला की ही दोन वाट्या हाणायची. हिला साखरेचा आजार. गोळ्या डब्यात होत्या, डबा फळीवर होता आणि फळी उंच होती, असं तीच सांगायची. कुणी बोललं तर म्हणायची, "शिरखुर्मा चालतोय, मी इचारलंय." कुणाला विचारलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळ्यात कडक होती ती बुरशीच्या बाबतीत. मिरचीला ओल लागली की आतून बुरशी धरते. वरून पुसली, उन्हात घातली की दिसायला ठीक दिसते, म्हणून लोक आणायचे तशीच. हौसाक्का पोत्याच्या तळात हात घालून एखादी मिरची काढायची, मोडायची, आत बघायची. आत काळं दिसलं की एकच शब्द, "उचला."

एकदा एक गाडीवाले गृहस्थ आले. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, ड्रायव्हरच्या डोक्यावर पोतं. हौसाक्का म्हणाली, उचला. ते म्हणाले, "अहो अक्का, वरवर हाय. पुसून, ऊन दाखवून आणलीया. चार-दोनच आसतील, बाकीची चांगली हाय की." हौसाक्कानं बटण दाबून डंकच बंद केला. एकदम एवढी शांतता झाली की आम्हीच दचकलो.

"चार-दोन तुमाला दिसत्यात. आत शिरल्याली कोन बघनार? माज्या उखळात गेली की मागनं येनाऱ्या समद्यांच्या चटणीला लागंल. उचला पोतं."

त्यांनी मग कुणाकुणाची नावं घेऊन बघितली, फोन काढून बघितला. ही स्टुलावर हाताची घडी घालून बसून राहिली.  शेवटी गेले पोतं घेऊन. गरिबाचं पोतंही ती अशीच परत करायची, पण तेव्हा तिचा चेहरा पडायचा आणि पुढचा तासभर ती मुमताजवर विनाकारण डाफरायची.

कोरोनाची दुसरी लाट आली त्या उन्हाळ्यात हौसाक्कानं गल्लीला अभय दिलं होतं. "हितं काय बी येत न्हाय. मिरचीच्या धुरळ्यात कुठला किडा जगतोय?" अर्धं शटर ओढून डंक चालूच. रांगेतल्या निम्म्या बायकांचा त्यावर विश्वास बसला होता. मग एके दिवशी तिलाच ताप आला. श्वास लागला, कोविड सेंटरला नेलं, ऑक्सिजन लावला, तऱ्हेतऱ्हेची इंजेक्शनं दिली. साखर कुठल्या कुठं जाऊन पोचली. बाई वाचली, घरी आली, शर्टात हरवल्यासारखी दिसायला लागली आणि थोडं बरं वाटतंय म्हटल्यावर पुन्हा स्टुलावर जाऊन बसली. पावसाच्या आत लोकांच्या चटण्या व्हायला हव्या होत्या ना!

तिचं नाक चोंदलं. डोकं ठणकायला लागलं, तेही एकाच बाजूनं. डावा गाल जड झाला. दुसऱ्या कुठल्या गल्लीत असं झालं असतं तर चारजण म्हणाले असते, बाई, डॉक्टर गाठ. आमच्या गल्लीत उन्हाळाभर घरोघरी नाकं वाहत असतात आणि डोळे सुजलेले असतात, त्याचं कुणाला काय! सगळ्यांनी एकच म्हटलं, मिरची गेली असेल. ती स्वतःही तेच म्हणाली. "एवढ्या वर्सांत लागली न्हाय ती आत्ता लागली. आजारपनात नाक नवं हून आलंय माजं." दोन दिवसांत डावी पापणी खाली उतरली. तिनं टॉवेल तिरका बांधून ती झाकली आणि काम चालू ठेवलं.

आमच्या सासूबाईंचं निदान वेगळं होतं. दृष्ट. कोरोनातून उठून ही पुन्हा डंकावर बसली, ते कुणाला तरी बघवलं नाही. तिन्हीसांजेला त्या मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन डंकामागं हौसाक्काच्या घरी निघाल्या, मला शेगडी उचलायला लावली. मुमताज तिथंच होती, दिवसाची चाळण झाडत. हौसाक्काचा मुलगा सुभाष दारात उभा. हा पोरगा फाउंड्रीत कामाला, आईनं सगळ्यांच्या वाटणीचं बोलून टाकल्यामुळे स्वतः फारसं बोलत नसे.

सासूबाईंनी ओवाळलं, पुटपुटल्या आणि मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. दृष्ट असली तर मिरचीचा ठसका लागत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. इथं तर असा धूर उठला की मी खोकत बाहेर पळाले. सासूबाईंना उभं राहवेना. ओढणी बांधलेली मुमताजसुद्धा खोकायला लागली.

"दृष्ट न्हाय गं बाई," सासूबाई खोकत म्हणाल्या.

"न्हाय कशी? मला कुठं ठसका लागला?" हौसाक्का शेगडीवर तोंड धरूनच बसली होती. "ज्याची काढायची त्याला लागला पायजे. तुमाला लागून काय उपेग?"

"तुला कवा लागतोय ठसका? जन्म गेला तुझा मिरचीत!"

असा दोघींचा वाद रंगला. मी दारातून ऐकत होते आणि खरं सांगते, मला हसू येत होतं. मुमताज मात्र हसत नव्हती. ती शेगडीपाशी खाली बसली, हौसाक्काच्या डोक्याचा टॉवेल ओढून काढला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. उजव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली होती. डावा डोळा कोरडा ठणठणीत. मुमताजनं हात पुढे करून तिच्या डाव्या गालाला धरलं.

"लागतंय?"

"काय?"

"चिमटा काढलाय मी."

"कवा?"

मुमताजनं आणखी जोरात काढला. गालावर नखांच्या खुणा उमटलेल्या मला दारातून दिसल्या. हौसाक्का आपली तिच्याकडे बघतेय, काय चाललंय म्हणून. मुमताज उठली. तिनं त्या घरात कधी कुणाला हुकूम सोडलेला मी ऐकला नव्हता. "सुभाष," ती म्हणाली, "रिक्षा आन. आत्ता."

सरकारी दवाखान्यात त्या दिवसांत काळ्या बुरशीच्या रोग्यांसाठी वेगळा वॉर्ड केला होता. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, शाहूवाडीकडच्या, डोळ्यांखाली काळं, बोलणं मात्र शांत. त्यांनी फोटो काढून बघितले आणि सुभाषला समजावलं. साखर वाढलेली, त्यात अंगातली ताकद गेलेली, अशा वेळी ही बुरशी नाकात धरते. नाकाच्या बाजूला हाडांत पोकळ्या असतात तिथं पसरते, वाटेतल्या नसा मारत जाते, म्हणून गाल बधिर झाला, म्हणून पापणी पडली. तिथून डोळ्यामागं, आणि डोळ्यामागून मेंदूत. दुर्बीण घालून त्यांनी नाकातली घाण काढली, टाळूचा सडलेला तुकडाही काढावा लागला. इंजेक्शन चालू केलं. ते इंजेक्शन मिळवायला सुभाष कुठं कुठं फिरला ते त्यालाच माहीत. ते शिरेत गेलं की हौसाक्का थंडीनं अशी उडायची की खाट वाजायची.

ही बुरशी एकाची दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. गल्लीत मी ते दारोदार सांगितलं. मान सगळ्यांनी हलवली, दवाखान्यात मात्र कुणी फिरकलं नाही. मुमताज तेवढी रोज जायची. मी अधूनमधून डबा घेऊन जायचे.

मी गेलेली असतानाच तो विषय निघाला. डॉक्टरीणबाई खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "अक्का, बुरशी डोळ्यामागं पोचलीय. डावा डोळा काढावा लागणार. थांबलो तर मेंदूत जाईल, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

हौसाक्कानं बोटानं आपली पापणी वर उचलली. "दिसतंय मला हेच्यानं."

"काय दिसतंय?"

"उजेड. तितं खिडकी हाय ती दिसती."

"अक्का, तो डोळा आता—"

"उजेड दिसनारा डोळा काढून देऊ व्हय मी?" नाकातून बोलत होती, शब्द फुटत होते, तरी आवाज चढला. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघायला लागली. "मेल्याला असता तर दिला असता. त्यो मिटलाय, मेला न्हाय. इंजिक्षान द्या की आनी. धुवा की आतनं. थोडी तर हाय म्हंता, बाकीचा डोळा चांगला हाय की माजा!"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं. सुभाष आईचे पाय धरून उभा होता, त्याला रडू आवरत नव्हतं. हौसाक्का कुणाचंच ऐकेना.  ही बाई आता हट्टानं मरणार, असंच मला वाटलं, आणि तिचा रागही आला, एवढी माया होती तरी.

मुमताज इतका वेळ खाटेच्या पायथ्याशी बसून तिची पावलं चेपत होती. ती मान वर न करता म्हणाली, "गिऱ्हाइकासारखं बोलाया लागलीस तू."

हौसाक्काचं पापणीवरचं बोट खाली आलं.

"पुसून घेतलीया, ऊन दावलंय, बाकीची चांगली हाय," मुमताज म्हणाली. "किती जनांला परत धाडलंस, हौसे? त्यांनी बी असंच हात जोडलं हुतं तुला."

हौसाक्कानं तोंड भिंतीकडे फिरवलं.  डॉक्टरीणबाई उठून दुसऱ्या खाटेकडे गेल्या. मला वाटलं, हौसाक्का झोपली. मग भिंतीकडूनच आवाज आला, "सुभ्या, आरसा हाय का रं कुनाकडं?"

माझ्या पर्समध्ये छोटा होता, तो दिला. तिनं एका हातानं पापणी वर धरली आणि दोन्ही डोळ्यांनी बघत राहिली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"मी बरी हुतो की गं दिसायला," ती म्हणाली.

इतकी वर्षं मी तिला त्या शर्टात, त्या टॉवेलात पाहत होते. तिच्या मनात असं काही असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. मुमताज म्हणाली, "हुतीस की. म्हनून तर मी बी टिकलो." आणि मग दोघी रडल्या. पहिल्यांदाच एकमेकींसमोर रडल्या असाव्यात, कारण दोघींनाही ते नीट जमत नव्हतं. त्यानंतर हौसाक्कानं आरसा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "सही कुठं करायची?"

ती वाचली. लिहायला एक ओळ लागते, पण ते दिवस वाईट होते. घरी आली तेव्हा टाळूला प्लेट बसवलेली. प्लेट काढली की पाणी नाकातून यायचं आणि बोलणं कुणाला कळायचं नाही. डोळ्याच्या जागी नुसती खोबण, तिच्यावर कापसाची पट्टी, तिच्यावर भला मोठा काळा चष्मा आणि वरून पदर. मिरचीच्या धुळीत बसायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. म्हणजे डंक मुमताजच्या हाती आला आणि हौसाक्का आतल्या खोलीत.

गल्लीला करमेना. नवीन माणसं शिंकायची आणि त्यांना कुणी काही म्हणायचं नाही. बायका आतल्या दारापाशी जाऊन हाक मारायच्या, "अक्का, चटणी चाखून बघा की." आतून उत्तर, "मुमताजला इचारा." चाखायला प्लेट आड येते हे ती कुणाला सांगत नसे.

खोबण ती स्वतः धुवायची, दाराला कडी लावून. सुभाषला आत घेत नसे. घरातला आरसा तिनं काढायला लावला. बिचारा सुभाष सकाळी गल्लीत मोटरसायकलच्या आरशात बघून दाढी करायचा आणि जाणारे-येणारे त्याला मुद्दाम विचारायचे, "काय राव, गाडीची दाढी चाललीया व्हय?" तो हसायचा. मुमताजला मात्र हे लागलं होतं. एकदा भर डंकावर ती मला म्हणाली, "हागनं-मुतनं काढलंय मी तिचं दवाखान्यात. आनी आता माज्याम्होरं चष्मा काढत न्हाय. मी काय परकी हाय?" मी ते हौसाक्काच्या कानावर घातलं. ती एवढंच म्हणाली, "तिनं पयल्याचं तोंड बघितलंय माजं. तेच ऱ्हाऊ दे तिच्याजवळ." 

काळ गेला तशी ती थोडी बाहेर येऊ लागली. दारात खुर्ची टाकून बसायची, वारा उलटा असेल तेव्हा. नाकातल्या आवाजात का होईना, पावण्यांना झापायची. गोळ्यांचा डबा फळीवरून खाली आला, वेळच्या वेळी घ्यायला लागली. चष्मा मात्र हलला नाही, ना दिवसा ना झोपताना.

हौसाक्का मागच्या हिवाळ्यात गेली. झोपेत, हृदय बंद पडून. मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला होते, तिचं तोंड बघायला मिळालं नाही. फोन आला तेव्हा मुलीच्या स्वयंपाकघरात बसून मी ढसाढसा रडले. पण माझ्यापाशी हौसाक्काची शेवटची म्हणून जी आठवण आहे ती त्याच्या काही महिने आधीची, आणि ती त्याच दवाखान्यातली.

डॉक्टरीणबाईंचा सुभाषला फोन आला. इचलकरंजीची एक बाई दाखल झाली होती, यंत्रमागावर काम करणाऱ्याची बायको, ऐन तिशीतली. कोरोना वगैरे काही नाही, साखर वाढलेली कळलीच नव्हती. बुरशी डोळ्यामागं गेलेली आणि ती डोळा द्यायला तयार नव्हती. तुमची आई येऊन दोन शब्द बोलेल का?

"मी काय बोलू?" हौसाक्का उसळली. "मला धड बोलता येतंय व्हय? माजं बोलनं ऐकून ती तयार हुनार आसंल तर बी न्हाय म्हनंल." दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढत असताना पदर सावरत माझ्यामागं येऊन बसली. "चल," म्हणाली. कुठं ते सांगायची गरज नव्हती.

ती बाई खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. नवरा उशाशी उभा, हातात बिस्किटाचा पुडा. हौसाक्का समोरच्या स्टुलावर बसली. पदराखाली काळा चष्मा बघून बाई सावध झाली.

"मला सांगाय आलायसा न्हवं?" ती म्हणाली. "माझा न्हाय गेलेला डोळा. पापणी उचलली की दिवा दिसतोय मला."

मला वाटलं, हौसाक्का आता तिला झापणार. गिऱ्हाईक झापायचं तसं झापून मोकळी होणार.  पण तिनं बाईच्या नवऱ्याला हातानं बाहेर जायची खूण केली. मग पदर खांद्यावर टाकला, चष्मा काढला, माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला आणि चिकटपट्टी सोडवून कापूसही काढला.

मी तोवर ते कधी पाहिलं नव्हतं. वर्णन करणार नाही. माझा हात माझ्या तोंडावर गेला एवढंच सांगते. ती बाई भिंतीला जाऊन टेकली.

"बघ," हौसाक्का म्हणाली.

बाईनं मान फिरवली.

"बघ की. मला सांगता येत न्हाय, म्हनून दावतोय."

बाईनं हळूहळू मान वळवली. बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बारीक आवाजात विचारलं, "मावशी, घरच्यांनी बघून काय म्हटलं?"

"कुनाला दावलंच न्हाय. पोराला न्हाय, माज्या मैतरनीला बी न्हाय," हौसाक्का म्हणाली. "तूच पयली."

 बाईनं हात पुढे केला, मध्येच थांबली. हौसाक्का स्टूल सरकवून जवळ गेली आणि चेहरा तिच्या हाताशी नेऊन धरला.

एवढ्यात दार ढकलून नर्स गाडा घेऊन आत आली. तिच्यामागं डबेवाले नातेवाईक, चहावाला, तो नवरा, सगळी वर्दळ सुरू झाली. माणसं थबकून बघायला लागली. मला राहवेना. मी चटकन पुढे होऊन चष्मा उघडला आणि तिच्या कानाशी म्हटलं, "अक्का, घाला. लोक आलेत."

"थांब," हौसाक्का म्हणाली. "तिचं बघून हुदे."